कवळीवाल्याचं विमान

"फलाट!"

आतल्या खोलीतून हाक आली तेव्हा त्याच्या डाव्या हाताच्या चिमटीत दाढेएवढा प्लॅस्टिकचा वैमानिक होता आणि उजव्या हातातल्या बारीक कुंचल्याला तपकिरी रंग लागला होता. वैमानिकाचं जाकीट रंगवून झालं होतं. आता हातमोजे राहिले होते.

"आलो गं," तो म्हणाला आणि श्वास रोखून त्याने एका हातमोज्यावर रंग टेकवला.

"फलाट! फलाट!"

"आलो म्हटलं ना! माणूस आहे हातात माझ्या."

त्याने वैमानिकाला मेणाच्या गोळ्यात उभं खोचलं, कुंचला टर्पेंटाइनच्या वाटीत सोडला आणि तो आत गेला. बायको उशीवरून घसरून एका अंगावर कलली होती. उजवा हात अंगाखाली सापडला होता, पण त्या हाताला आता दुखलं-खुपलं काही कळत नव्हतं, तेव्हा हाक त्यासाठी नसणार. त्याने तिच्या काखेत हात घालून तिला सरळ बसवलं.

"पाणी पाहिजे?"

"फलाट."

"पाय चोळू?"

"फलाट," ती वैतागून म्हणाली.

"मग काय? चादर? रेडिओ? अगं, निदान तिकडे बघ तरी."

तिने खिडकीकडे पाहिलं. उन्हाची तिरीप थेट तिच्या तोंडावर येत होती. त्याने पडदा ओढला. तिने डोळे मिटून घेतले. डोळे मिटले म्हणजे हो, हेच हवं होतं. एवढी एक खूण दोघांनी मिळून बसवली होती.

तो परत टेबलाशी आला तेव्हा वाटीतल्या रंगावर साय धरली होती.

ती बस स्टँडवर गाड्या पुकारायची. नोकरीची सगळी वर्षं काचेच्या एका लहानशा खोलीत, मायक्रोफोनसमोर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं मूल हरवलं, सगळं गावाने तिच्याच तोंडून ऐकलेलं. तिचा चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, पण दुकानात तिने साबण मागितला तरी दुकानदार मान वर करून बघायचा. घरी ती बोलायची तेही तसंच, शब्द सुटे सुटे आणि स्पष्ट. रागावली तर जास्तच स्पष्ट. लग्नाच्या सुरुवातीला तो तिला म्हणाला होता, "भांडताना तरी गाडी पुकारल्यासारखं बोलू नकोस." ती म्हणाली होती, "अहो, मग तुम्ही तरी वेळेवर सुटत चला."

एके सकाळी मोरीशी उभं राहून ब्रश करताना तिच्या हातातून ब्रश गळून पडला. मागोमाग ती पडली. मेंदूत रक्त साखळलं होतं. उजवं अंग गेलं आणि सगळे शब्द गेले. महिन्याभराने तोंड उघडलं तेव्हा 'फलाट' एवढा एकच बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादा शब्द वाचतो. कुठला वाचेल ते सांगता येत नाही. आत सगळं समजतं, बाहेर तोच एक येतो.

मग तहान फलाट झाली, दुखणं फलाट झालं, मुलीचा फोन आल्याचा आनंद फलाट झाला. दिवसा सांभाळायला एक मावशी यायच्या, त्या पहिल्या आठवड्यात गोंधळून गेल्या. "साहेब, बाई सारख्या कुठे जायचं म्हणतात?" त्यांनी विचारलं. त्याला हसू आलं. आत जाऊन त्याने बायकोला ते सांगितलं, तेव्हा तिच्याही तोंडाचा चालता कोपरा वर गेला. सुरुवातीला असं हसणं होत असे.

तो स्वतः कवळ्या बनवणारा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि त्यावरून तो मेणात हिरड्या घडवायचा, दात रचायचा, घासायचा, रंग जुळवायचा. लॅबमध्ये त्याच्याशेजारी बसणाऱ्या माणसाला सगळे फौजी म्हणायचे. तो कधीही सैन्यात नव्हता. मिशा मात्र तशा होत्या आणि घरात एका कपाटभर लढाऊ विमानांची छोटी मॉडेलं होती, सगळी त्याने स्वतः जोडलेली आणि रंगवलेली.

मावशी संध्याकाळी जायच्या. रविवारी यायच्या नाहीत. उरलेला सगळा वेळ तो आणि ती. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, भांडं देणं, भांडं काढणं. यातलं काहीच अवघड नव्हतं. अवघड होती ती हाक. भाजी चिरताना, दाढी करताना, नुकता डोळा लागला असताना, दारात कुणाशी दोन शब्द बोलताना ती यायचीच. गेलं की पुन्हा ओळखायचा खेळ. पाणी? चादर? पाय? कधी कधी काहीच नसायचं. तो आत आला, दिसला, एवढ्यानेच ती डोळे मिटायची. अशा वेळी त्याच्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागायचं.

एका संध्याकाळी तो तिला चमच्याने सूप भरवत होता आणि तिला ठसका लागला. नेहमीचाच. अशा वेळी पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारायच्या, हे त्याला पाठ होतं. तिचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले, डावा हात हवेत काहीतरी पकडू लागला. आणि तो चमचा हातात धरून नुसता बघत राहिला.

फार वेळ नाही. मग त्याने तिला वाकवलं, थापट्या मारल्या, श्वास मोकळा झाला. पण ती वर बघत होती, थेट त्याच्याकडे, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. आधी झोप येत नाही म्हणून सांगितलं. मग रक्तदाब बघायला पट्टा बांधला तेव्हा त्या पट्ट्यातल्या हाताकडे बघत तो रडायला लागला. डॉक्टरांनी पंप दाबायचा थांबवला.

"घरात दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही. मुलगी दुसऱ्या गावी. तिची दोन लहान मुलं, नोकरी."

"दिवसातून एक तास तरी स्वतःचा काढा. चाला, वाचा, काहीही. मन रमेल असं काहीतरी. नाहीतर एक दिवस तुम्हाला त्यांच्या शेजारी पलंग लावावा लागेल."

लॅबमध्ये त्याने हे फौजीला सांगितलं. ठसक्याचं सोडून बाकी सगळं. दुसऱ्या दिवशी फौजीने टेबलावर एक चपटा खोका आणून ठेवला. खोक्यावर चित्र होतं. जुन्या महायुद्धातलं एका इंजिनाचं लढाऊ विमान ढगातून खाली झेपावतंय, मागे दुसरं एक धूर सोडत कोसळतंय.

"हे काय?"

"घेऊन जा. माझ्याकडे असंच दुसरं झालंय."

"अरे, मी काय लहान आहे? आणि मला लढाईतलं काय कळतंय? कोण कोणाशी लढलं तेसुद्धा माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे? लढायचं नाहीये तुला, रंगवायचंय. कवळीला हिरडीचा रंग लावतोस तसाच. फरक एवढाच, की हे कोणाच्या तोंडात बसायला लागत नाही. वाकडं झालं तरी कोणी परत आणून देणार नाही."

त्याने टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीशी ओढलं. आतल्या पलंगावरून दारातून ते सरळ दिसत असे. तिला आपण दिसलो की हाक कमी येईल, असा त्याचा हिशेब होता. उजेड समोरून हवा म्हणून खुर्ची मात्र खिडकीकडे तोंड करून ठेवावी लागली. म्हणजे तिच्याकडे पाठ.

राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटींना विमानाचे भाग लटकलेले होते. ते एकेक कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, काय हा पोरखेळ. दुसऱ्या दिवशी वैमानिकाच्या बसायच्या जागेतला दांडा चिमट्याने बसवताना त्याच्या लक्षात आलं की मघापासून कानशिलात काही ठणकत नाहीये. लॅबमधल्या कामात डॉक्टरची घाई असे, म्हाताऱ्याच्या हिरड्यांची तक्रार असे. इथे कोणीच काही मागत नव्हतं. पंखाच्या दोन फाका एकमेकांवर बसल्या, फट राहिली नाही, आणि त्याला फार बरं वाटलं. इतकं बरं की त्याला स्वतःचाच थोडा संशय आला.

रंगकाम त्याने हातानेच करायचं ठरवलं. फौजीकडे फवारायचं यंत्र होतं, तो देत होता, पण याला कुंचलाच हवा होता. वरच्या बाजूला हिरवे आणि तपकिरी वळणदार पट्टे, वरून बघणाऱ्याला शेतं वाटावीत असे. पोटाकडून आकाशी, म्हणजे खालच्या माणसाला विमान आभाळात दिसू नये. ओल्या रंगाची कड वाळायच्या आत पुढचा हात फिरवावा लागतो, नाहीतर दोन हातांच्या मधली रेघ कायमची दिसते. पट्टा सुरू केला की संपवूनच उठायचं.

आणि तो पट्टा सुरू करायचा, तेवढ्यात हाक यायची.

पंखावर अशा रेघा पडल्या. त्याने त्या घासून काढल्या आणि पुन्हा रंगवल्या. पुन्हा पडल्या. रेघा खरं तर कुणाला दिसल्या नसत्या. पण त्याला दिसत होत्या, आणि प्रत्येक रेघ कुठल्या हाकेची तेही त्याला सांगता आलं असतं. एकदा त्याने उठून जाऊन तिला म्हटलं, "तू मुद्दाम करतेस ना? बरोबर वेळ साधतेस ना तू?" ती मग हळूच म्हणाली, "फलाट." त्या आवाजात कुठेतरी माफी मागितल्यासारखं होतं, आणि त्यामुळे तो आणखीच चिरडीला आला.

लॅबमध्ये दात घासायच्या मशीनपाशी बसताना कानात घालायला स्पंजचे बोळे असतात. त्यातले दोन त्याने खिशात टाकून घरी आणले. काही दिवस ते खिशातच राहिले.

मग तो रविवार आला. स्वच्छ ऊन होतं. जेवण झालं, तिचं तोंड पुसलं, भांडं देऊन झालं, पाणी पाजून झालं. आता तिला काहीच लागणार नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. उजेड जाण्याआधी दोन्ही पंख पुरे करायचे होते. पलंगाला पडू नये म्हणून लावलेला कठडा जेवताना खाली केला होता, तो वर करायचा त्याच्या घाईत राहून गेला. त्याने रंग ढवळला, कुंचला बोटांनी निमुळता केला, खिशातले बोळे काढले, चोळून बारीक केले आणि कानात घातले. ते हळूहळू फुगले. रस्ता गेला, शेजारचा टीव्ही गेला, घड्याळ गेलं. स्वतःचा श्वास तेवढा राहिला.

ती दुपार त्याच्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारींपैकी होती, हे त्याला पुढे नाकारता आलं नाही. हिरवा पट्टा पंखाच्या टोकापासून अंगापर्यंत एका ओघात उतरला. मग तपकिरी. कुठेही रेघ नाही. दुसरा पंख. वळणं आपोआप वळत गेली. मान दुखली तेव्हा त्याने वर पाहिलं. ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकलं होतं. चहा करावा, तिलाही द्यावा, असं वाटून त्याने बोळे काढले आणि तो प्रसन्न मनाने उठला.

ती पलंगाच्या आणि दाराच्या मधे जमिनीवर पडली होती. पाय विचित्र वळलेला. गाऊन भिजून जमिनीला चिकटलेला. डाव्या हाताने ती सरपटत थोडी पुढे आली असावी, कारण चादर मागे फरफटलेली होती. डोळे उघडे होते. ती ओरडत नव्हती. ओरडून झालं होतं. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता, तो एकसुद्धा.

"अगं... अगं, कधी... अगं, मला..." तो गुडघ्यांवर बसला. उचलायला गेला तेव्हा तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून त्याने हात काढून घेतले. हाताचा ओला तपकिरी रंग तिच्या दंडाला लागला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. मुलगी मिळेल त्या गाडीने आली आणि दवाखान्याच्या जिन्यातच त्याच्या गळ्यात पडली.

"बाबा, कसं झालं हो हे?"

"मी..." तो म्हणाला, "मी मोरीत होतो. अंघोळीला. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही."

वाक्य तोंडातून इतकं सहज बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तेच त्याने नर्सला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, फौजीलाही फोनवर सांगितलं. वॉर्डात तिच्या पलंगाशी उभं राहून मुलीला पुन्हा सांगितलं, कारण मुलीने पुन्हा विचारलं. बायको छताकडे बघत होती. सगळ्या गावाला गाड्या सांगणारी बाई, तिच्यासमोर तो खोटं बोलत होता आणि ती त्याला खोडू शकत नव्हती. बोलताना मधेच त्याला कळलं, की जमिनीवर पडल्या जागेवरून तिला दारातून बाहेरची खोली दिसत असणार. खुर्चीचे पाय, त्याची पावलं, त्याची पाठ.

मुलगी त्याचा हात धरून बसायची. "बाबा, तुम्ही किती करता आईचं. माझ्या सासरी सगळे तुमचं उदाहरण देतात. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका हं. माणूस अंघोळ तरी करणारच की." प्रत्येक वाक्याला तो मान हलवायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या. पलंगाशेजारी बसून त्यांनी बायकोच्या कपाळावरून हात फिरवला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या,

"नजर लागली बघा. त्या दुपारी मी माझ्या ह्यांना म्हटलंसुद्धा, ऐका, कवळीवाले आज किती दिवसांनी गुणगुणतायत. खिडकीतून स्पष्ट येत होतं. दुपारभर चाललं होतं तुमचं. यांच्या हाकाही येत होत्या मधून मधून, पण त्या काय, रोजच्याच. म्हटलं, ते आहेत तिथेच."

शेजारी बसलेल्या मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. काकूंना आपण काय बोललो ते कळलं नाही. त्या पिशवीतून फळं काढून ठेवत राहिल्या. तो गुणगुणत होता हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. कुठलं गाणं, तेही आठवेना. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

मुलगी त्याला खाली उपाहारगृहात घेऊन गेली. दोन चहा सांगितले.

"तुम्ही अंघोळीला नव्हता."

"नाही."

"विमान करत होता."

"रंगवत होतो. पंख."

"आई हाका मारत होती आणि तुम्ही गाणं म्हणत होता?"

"मला ऐकू येत नव्हतं. कानात बोळे घातले होते. लॅबमधले."

पलीकडच्या टेबलाशी कोणीतरी खुर्ची करकर ओढली.

"ऐकू आलं असतं तर गेला असता तुम्ही?"

"गेलो असतो," तो म्हणाला. "म्हणूनच घातले."

मुलीने पेला उचलला आणि न पिता ठेवला. तिचा चेहरा आईसारखा होत चालला होता, ते त्याला आत्ता दिसलं. "जमत नाहीये, तर मला का नाही सांगितलंत? दर वेळी फोनवर आपलं बरं आहे, बरं आहे."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मुलगी तोंडावर हात घेऊन रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. आपल्याला तो अधिकार उरला आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू त्या रविवारचं विचारलंस म्हणून सांगतो. त्याच्या आधी एकदा तिला ठसका लागला होता..."

"नका," मुलगी म्हणाली. "बाबा, ते नका सांगू मला."

घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी गावाबाहेरच्या शुश्रूषागृहाचं सुचवलं. तिथे व्यायाम करून घेतात, रात्रंदिवस माणूस असतं. त्याने ऐकूनच घेतलं नाही. तो घरी जाऊन सगळं नीट करून आला होता. टेबल भिंतीला लावलं होतं, रंगांच्या डब्या बांधून माळ्यावर टाकल्या होत्या, पलंगाचा कठडा तारेने पक्का केला होता, स्वतःची गादी तिच्या खोलीत जमिनीवर घातली होती.

"मी नेतो हिला घरी," तो म्हणाला. "आता असं होणार नाही. लॅब सोडतो मी. चोवीस तास हिच्याजवळ बसतो. मला एक संधी दे."

"संधी मी कशी देणार बाबा? तिलाच विचारू या."

मुलगी आईच्या तोंडाजवळ वाकली. "आई, नीट ऐक. घरी जायचं असेल तर डोळे मिट. नसेल तर उघडे ठेव."

बायकोने डोळे उघडे ठेवले.

"तिला प्रश्न कळला नाही," तो घाईने म्हणाला. "पुन्हा विचार. हळू विचार."

मुलीने पुन्हा विचारलं. तो पलंगाच्या पायथ्याशी दांडी धरून उभा होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ठसक्याच्या वेळी पाहिलं होतं तसं नव्हे. रागही दिसत नव्हता. स्टँडवरून दमून आली की चपला काढताना ती अशी बघायची. तिने डोळे उघडे ठेवले. पापणी लवू नये म्हणून ते ताणून उघडे ठेवले, इतके की त्यांत पाणी आलं आणि दोन्ही बाजूंनी कानांकडे ओघळलं. तरी तिने ते मिटले नाहीत.

"बरं," तो म्हणाला. "बरं, राहू दे. समजलं."

तिला त्याची भीती वाटत होती, की त्याला सोडवायचं होतं, की नुसता कंटाळा आला होता, हे तो कधीही विचारू शकणार नव्हता. विचारून 'हो' आणि 'नाही' यांच्यापलीकडचं काही कळणार नव्हतं.

पलंग भाड्याचा होता. दुकानाची दोन माणसं आली, त्यांनी कठड्याची तार कापली, नट सैल केले, पलंगाचे तुकडे खाली नेले. खोली एकदम मोठी झाली. मावशी हिशेब घेऊन, डोळे पुसून गेल्या. मुलगीही गेली. निघताना तिने त्याला वाकून नमस्कार केला नाही आणि मिठीही मारली नाही. "जेवत जा वेळेवर" एवढंच म्हणाली, पण गाडीतून हात हलवला.

रविवार आला. त्याने माळ्यावरून डब्या काढल्या. टेबल परत खिडकीशी ओढलं. पोटाकडची आकाशी बाजू तेवढी राहिली होती. हवा तेवढा वेळ होता, हवा तेवढा उजेड होता. त्याने रंग ढवळला, कुंचला बुडवला, आणि तो थांबला. काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. उठून आत जाऊन आला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. एकदा तर मोठ्याने "आलो" म्हणाला आणि रिकाम्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजारी काकूंच्या स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, बाकी काही नाही. ढवळलेला रंग तसाच वाटीत वाळला. संध्याकाळपर्यंत विमानाला आकाशीचा एक ठिपकाही लागला नव्हता.

सोमवारी त्याने ते खोक्यात घालून लॅबमध्ये नेलं आणि फौजीच्या टेबलावर ठेवलं. फौजीने काढून उजेडात धरलं. पंखांवरून नजर फिरवली आणि मिशीतून शीळ घातली.

"हाताने केलंस हे? एक रेघ नाही. अरे, माझा एवढ्या वर्षांत असा हात बसला नाही." मग त्याने ते उलटं केलं. "खालचं राहिलं की."

"राहू दे. ते कुठे उडतंय."

फौजीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि खोका गुपचूप आपल्या टेबलाखाली सरकवला. दोघांनी दिवे लावले. त्या दिवशी एका म्हातारीची खालची कवळी होती, पुढचे चार दात थोडे तिरके हवे होते, तिच्या मूळच्या दातांसारखे. त्याने ते तसे बसवले.

शुश्रूषागृहात तो लॅब सुटल्यावर जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो आत शिरला तेव्हा तिथली बाई बायकोला भरवत होती. धिप्पाड, सारखी बडबड करणारी बाई होती ती. "घ्या हो, घ्या, हा शेवटचा, नाही नाही, शेवटून दुसरा." बायको तोंड उघडत होती, चावत होती, गिळत होती. त्याच्या हातून तिने इतकं कधी खाल्लं नव्हतं. मग तिने मान दाराकडे वळवली, त्याला पाहिलं आणि ओठ मिटले. बाईने चमचा ओठांना लावला, गाल कुरवाळला, गोड बोलून पाहिलं. ओठ उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी बाईने त्याला दारातच गाठलं. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही आलात की त्या जेवायच्या थांबतात. लाजत असतील. बायकांना असतं तसं."

"असेल," तो म्हणाला.

तेव्हापासून तो आला की लगेच आत जात नाही. दाराशेजारी भिंतीला टेकून उभा राहतो, पलंगावरून दिसणार नाही अशा बेताने. व्हरांड्यातून चाकाच्या खुर्चीत फिरणारा एक म्हातारा त्याला रोज बघतो. एकदा न राहवून त्याने विचारलं, "इथवर येता आणि आत का नाही जात?"

"जेवतेय ती," तो हलक्या आवाजात म्हणाला. "होऊ दे."

आत बाईची बडबड चालू होती. मग चमचा वाटीच्या तळाला घासल्याचा आवाज आला. त्याने शर्टाची बटणं नीट केली, केसांवरून हात फिरवला, तरी तो लगेच आत गेला नाही. पाणी पाजून होऊ दिलं, तोंड पुसून होऊ दिलं, बाईला वाटी घेऊन बाहेर येऊ दिलं. मग त्याने उघड्याच दारावर दोन बोटांनी हळू टकटक केली आणि तो उंबऱ्याशी थांबला.